बाईंची कूस आणि सहा जणींचा कापूस

सर्व संबंधितांना, विशेषतः ज्यांना आपण लई कामाचे आहोत असं वाटतं त्यांना, अत्यंत जड अंतःकरणानं कळविण्यात येतं की, जगातलं सर्वांत अवघड काम कोणतं हा प्रश्न आता कायमचा निकालात निघाला आहे. एका ऐंशी वर्षांच्या, चाळीस किलो वजनाच्या, निवृत्त मुख्याध्यापिकेला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवणं, हे ते काम. दर दोन तासांनी. तिच्या मर्जीविरुद्ध. हे निवेदन वाचून कुणी हसू नये. मी हसलो होतो, आणि त्याची शिक्षा म्हणून त्या वर्षी मला दुसऱ्याच्या रानात कापूस वेचावा लागला.

आता रीतसर सांगतो.

वाटूर फाट्यापासून थोडं आत, सोयाबीनच्या रानांच्या मधोमध, आमचं वृद्धांचं शुश्रूषागृह आहे. बावीस म्हातारी माणसं, त्यातली सात अंथरुणाला खिळलेली. त्यांचं बघायला एक सिस्टर, आसपासच्या गावांतल्या सहा मावश्या, एक स्वयंपाकीणबाई आणि व्यवस्थापक या भारदस्त नावाखाली मी. त्याआधी बावीस वर्षं मी कपाशीचं बी विकलं. जालन्याहून मोटारसायकलवर निघायचो तो अंबड, घनसावंगी, परतूर असं फिरत राहायचो. पारावर उभं राहून छातीवर हात ठेवून सांगायचो, "मंडळी, हे वाण एकदम फुटणार! एका वेचणीत रान मोकळं!" माझ्या आवाजावर लोक बी घ्यायचे, असं माझं मत होतं. उधारीवर घ्यायचे, असं मालकाचं मत होतं. पुढं गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मी या खुर्चीत येऊन बसलो.

बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते कामाच्या पाळ्यांचा तक्ता बनवण्याचं. चार रंगांची पेनं, फूटपट्टी, सहा मावश्यांच्या सहा रांगा. दिवसा चौघी, रात्री दोघी, सुट्ट्या आळीपाळीनं. असा देखणा तक्ता की तो चौकट करून भिंतीवर लावला. आल्यागेल्याला दाखवायचो. त्यात फक्त एक गोष्ट नव्हती. ती काय, ते पुढं येईलच.

सुरुवातीला सांगितलेल्या मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या बाई, आमच्याकडं आल्या दसऱ्याच्या सुमाराला. पुण्यात मुलाच्या घरी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ते बसवलं, पण महिनाभर पाठीवर पडून राहिल्यानं माकडहाडापाशी जखम झाली. घरी सांभाळायला बाया येत होत्या, आठवड्याला नवी. मूळ गाव इकडचं, म्हणून बाईंनीच हट्ट धरला की मला तिकडं न्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी माझा तक्ता चष्म्यातून पाहिला आणि म्हणाल्या, "रेघा सुंदर आहेत. माणसं कुठं आहेत?" मला वाटलं, विनोद केला.

परतूरहून दर सोमवारी एक डॉक्टर यायचे. कमी बोलणारा माणूस. त्यांनी जखमेवर स्वच्छ पातळ प्लॅस्टिक ठेवलं आणि पेनानं तिच्या कडेकडेनं रेघ ओढली. तो आकार सिस्टरच्या खोलीत भिंतीवर चिकटवला, खाली तारीख. साधारण लिंबाएवढा होता. मग बाहेर येऊन ते मला आणि बाईंच्या मुलाला म्हणाले, "औषध दुय्यम. दर दोन तासांनी कूस बदला, कोरडं ठेवा, चांगलं खाऊ घाला. पाठीवर एक मिनिट झोपवायचं नाही. संक्रांतीपर्यंत भरत आली तर इथंच बरी होईल. नाही तर शहरात नेऊन शस्त्रक्रिया. या वयात ती सोसेल का, सांगता येत नाही."

पडद्यामागून बाईंचा आवाज आला, "मला कापायला नेलंत, तर परतीचं तिकीट काढू नका."

म्हणजे सामना ठरला. एका बाजूला संक्रांत, दुसऱ्या बाजूला लिंबाएवढी जखम, आणि मध्ये आमच्या सहा मावश्या.

त्या सहांतली थोरली मावशी पन्नाशीची. जवळच्याच गावात दोन एकर रान, घरात सासू, मुलगा शिक्षक होऊन बाहेरगावी. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेलं तिचं घर मी बी विकायच्या काळापासून ओळखत होतो. सकाळी दारातून "जय भीम, दादा" म्हणायची आणि माझ्या उत्तराची वाट न बघता थेट बाईंच्या खाटेपाशी जायची. बाईंना वळवायची तिची रीत बघण्यासारखी. अंगाखाली आडवी चादर घातलेली असायची. ती दोन बाजूंनी दोघींनी धरायची, अंग घासू द्यायचं नाही, उचलून अलगद फिरवायचं, मागं उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचांखाली घडी. बघता बघता काम झालेलं असायचं.

पण बाई काही साध्या नव्हत्या. ऐंशी वर्षं त्या पाठीवर, छातीवर हात बांधून झोपत आल्या होत्या आणि कुशीवर झोपणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. वळवायची वेळ आली की त्या गाढ झोपायच्या. घोरायच्यासुद्धा, अगदी शुद्ध, व्याकरणाला धरून. नवख्या माणसाला दया यावी. थोरली मावशी मात्र पायाकडं बघायची.

"बाई, अंगठा जागा हाय."

पांघरुणाबाहेर बाईंचा उजवा अंगठा ताल धरल्यासारखा हलत असायचा. झोपेचं सोंग घेतलं की तो हलायचा, खरी झोप लागली की थांबायचा. बाई एक डोळा उघडून म्हणायच्या, "तुला पोलिसांत जायला हवं होतं."

"गेले असते, पण तुमाला कुणी वळवलं असतं?"

हे दिवसपाळीत सहा-सात वेळा. सिस्टर ड्रेसिंग करायची, स्वयंपाकीणबाई डाळ, दूध, शेंगदाण्याचा कूट घेऊन यायची, आणि सोमवारी डॉक्टर नवा आकार काढायचे. भिंतीवर आकार ओळीनं लागत गेले. पहिल्याहून दुसरा लहान, दुसऱ्याहून तिसरा लहान. उन्हाळ्यात तळं आटत जावं तसे. चौथ्या सोमवारी तर डॉक्टर चक्क हसले. मी तक्त्याकडं बघून मिशीला पीळ दिला. आपली व्यवस्था!

आणि मग कापूस फुटला.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी चहा घेत होतो, एक मावशी दारात येऊन उभी राहिली. "दादा, पंधरा दिवस सुट्टी पायजेल. सरकी फुटली."

मी उदारपणे म्हणालो, "घ्या. तक्त्यात बसवतो."

दुपारी दुसरी आली. तिसरी आणि चौथी बरोबरच आल्या. संध्याकाळी पाचवी. प्रत्येकीच्या तोंडात तेच, सरकी फुटली. मी वैतागून म्हणालो, "अहो, सगळ्यांची एकाच दिवशी कशी काय फुटली? काही गडबड असेल!"

पाचवी मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दादा, तुमीच तर सांगितल्तं जूनमंदी. चहा पिता पिता. हेच वाण लावा म्हणले. एकदम फुटणार, एका वेचणीत रान मोकळं!"

वाचकहो, मी खुर्चीत होतो म्हणून पडलो नाही. नोकरी सोडली होती, पण जीभ सोडली नव्हती. सहा जणींच्या सहा रानांत मीच फुकट सल्ला देऊन एकच वाण लावायला लावलं होतं, आणि त्या वाणानं, माझ्या आयुष्यात प्रथमच, दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता. बावीस वर्षं कपाशीवर जगलेल्या माणसानं बनवलेल्या तक्त्यात जी एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे कापूस.

थोरली मावशी सगळ्यात शेवटी आली. ती सुट्टी मागायला नाही, रडायला आली. "सासूबाईंच्यानं एकटीनं व्हयना. दव पडून राह्यलं, कापूस काळा पडंल. आन् इकडं बाई."

"जा," मी म्हणालो. "मी करतो बंदोबस्त."

माझा बंदोबस्त म्हणजे शहरातून माणसं पुरवणाऱ्या एकाला फोन. दुसऱ्या दिवशी तीन बाया आल्या. दोन दिवसांनी त्यातल्या दोघी बदलून दुसऱ्या आल्या, पुढं तिसरीही बदलली. कामाला कुणी वाईट नव्हत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि या वेळी बी विकत नाही. फरशी लख्ख, चादरी पांढऱ्या, बोलणं अदबीचं. तक्त्यात तीन नावं दोनदोनदा लिहून माझ्या सगळ्या रांगा भरलेल्या. पण घनसावंगीकडचे आमचे एक आजोबा, ऐंशी पार केलेले जुने शेतकरी, मधुमेही, ज्यांचं चहाशी जन्माचं वैर, ते तिसऱ्या दिवशी काठी आपटत माझ्याकडं आले.

"व्यवस्थापक, चहा चांगला हाय."

"मग तक्रार काय?"

"हीच. आपली मावशी मला बिनसाखरेचा देती, आन् मी रोज भांडतो. ह्या साखर घालून देऊन राह्यल्या. मला गोड लागून राह्यलं. कुणी बघतंय का न्हाई?"

मी साखर बंद करवली आणि विषय संपला असं समजलो. बाईंच्या खाटेपाशी काय चाललं होतं ते मात्र मला सोमवारी कळलं. डॉक्टरांनी आकार काढला, भिंतीवर लावला आणि बोट चौथ्या आकाराकडं नेलं. पाचवा आकार चौथ्याहून मोठा होता. तळ्यात पाणी परत चढलं होतं.

कूस बदलल्याची नोंद करायचा कागद मी स्वतः तपासला. खोटं काहीच नव्हतं. जागोजागी प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं: "झोपल्या आहेत, उठवलं नाही." अंगठ्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण मी तक्त्यात रंग भरत होतो. आणि एके ठिकाणी लिहिलं होतं: "डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाठीवर झोपवलं."

"कुठल्या डॉक्टरांच्या?" मी विचारलं.

ती बाई गोंधळली. "आजीच म्हणाल्या. डॉक्टरांनी आता पाठीवर झोपायला सांगितलंय म्हणून. इतक्या खात्रीनं म्हणाल्या."

चाळीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेला आवाज तो. त्या आवाजात कुणी मला सांगितलं असतं की सूर्य परतूरला उगवतो आणि मंठ्याला मावळतो, तर मीही वहीत लिहून घेतलं असतं. बाईंनी नवख्या माणसांना हातोहात फसवून आठवडाभर मनसोक्त उताणी झोप काढली होती.

अंगठ्याचं मी त्या तिघींना सांगितलं, तोवर त्याही बदलल्या, आणि सहाव्या सोमवारी आकार आणखी वाढला. डॉक्टरांनी हात धुतले आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी असाच निघाला तर संक्रांतीची वाट बघणार नाही. शहरात पाठवणार." मी मुलाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गाडी घेऊनच आला. चार दिवसांची रजा काढून, आईची कागदपत्रं एका पिशवीत भरून. म्हणाला, सोमवारपर्यंत कशाला थांबायचं, आजच नेतो.

बाई उशीत तोंड खुपसून पडल्या होत्या. आणि तेवढ्यात थोरली मावशी आली. रोज रानातून घरी जाताना ती घटकाभर यायचीच, पण जखमेचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. उगाच जिवाला घोर नको म्हणून. केसांत कापसाचे पुंजके, बोटं बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली. ती आधी सिस्टरच्या खोलीत गेली, भिंत बघितली, आणि बाईंच्या खाटेपाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुणी केलं हे?"

बाई उशीतूनच म्हणाल्या, "मी. त्यांना फसवलं मी. मला वाटलं, दोनचार दिवसांनी काय होतंय." आणि मग अगदी हळू, "त्या विचारतच नव्हत्या गं. मी खरी झोपलेय का खोटी, ते बघतच नव्हत्या."

मुलगा म्हणाला, "मावशी, जाऊ द्या आता. गाडी बाहेर उभी आहे."

"थांबा हो दादा. गाडी कुठं पळून चालली का?" मावशी खाटेच्या कडेला टेकली. तिचा चेहरा हिशेब करणाऱ्या माणसासारखा झाला. मग ती माझ्याकडं वळली. "तुमी त्या तीन बायांना हितं कशाला ठिवलं?"

"मग कुठं ठेवू?"

"माझ्या रानात!"

मला काही कळेना. ती हातवारे करून सांगू लागली, "दादा, कापसाला कुणी वेचलं ते कळत न्हाई. बोंडाला कुणाचाबी हात चालतो, पुण्याचा चालतो, तुमचाबी चालतो. बाईंना चालत न्हाई. आन् तुमी काय केलं? वळखीचे हात धाडले कापसात, आन् बिनवळखीचे ठिवले खाटंपाशी. सगळं उलटं करून राह्यले! सावड करा की सरळ."

सावड आमच्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस, हाताला हात, मध्ये देणंघेणं काही नाही. मी बावीस वर्षं रानारानांत ती बघितली होती. पण सावड शुश्रूषागृहाशी करता येते, हे मात्र त्या क्षणापर्यंत मला, सिस्टरला किंवा आमच्या विश्वस्त मंडळाला सुचलेलं नव्हतं. मावशीचा करार साधा होता: ती जितके दिवस खाटेपाशी, तितके दिवस आमच्याकडचं कुणी तरी तिच्या रानात. असं सहाही जणींचं.

"आन् हे दादा," ती मुलाकडं बोट करून म्हणाली, "चार दिवस रजा काढून आल्ते ना? बिलकुल बराबर. उद्या सकाळी सातला."

"मी?" मुलगा म्हणाला.

उशीतून आवाज आला, "टोपी घालून जा."

सोमवारपर्यंत थांबायचं ठरलं. मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "असं काही नियमात नाही. लेखी द्या." मी म्हणालो, देतो. अजून देतोच आहे. हे त्यातलं पहिलं पान समजायला हरकत नाही. मग बावीस जणांच्या घरी एकेक फोन केला, आवाजात जुनी जादू आणून: "आईवडिलांना भेटायला या! येताना डोक्याला काही तरी आणा!" चार-पाच दिवसांत मिळून अकरा जण आले. शहरातून आलेल्या तिघींना विचारलं, तर त्यातल्या दोघी शेतकऱ्यांच्याच लेकी निघाल्या. "आधीच सांगायचं की दादा," एक म्हणाली. "इथं तक्त्यात जीव घुसमटून राह्यला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकीणबाईंच्या नवऱ्याची जीप भरली. मी, पुण्याचा मुलगा, तीन शहरवाल्या, एक बँकेतले निवृत्त साहेब, एक प्राध्यापकीण, आणि पुढच्या सीटवर काठी घेऊन घनसावंगीचे आजोबा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "मी वेचणार न्हाई," ते म्हणाले. "मी वेचायला लावणार."

त्यांनी शब्द पाळला. बांधावर खुर्ची टाकून, कानटोपी घालून जे बसले, ते थेट सेनापती झाले. प्रत्येकाला एकेक पात, म्हणजे वेचायच्या ओळींचा पट्टा, नेमून दिली आणि ओरडायला लागले. "पुणेवाले! बोंडातून उचला, झाड कशाला उपटून राह्यले? बँकवाले, पाला नको, कापूस पायजेल! व्यवस्थापक, हितं बी विकायचं न्हाई, तोंड बंद, हात चालवा, जल्दी!" दोन वर्षं जो माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत चहाला शिव्या घालत बसला होता, त्याचा आवाज तीन रानांपलीकडं जात होता. शेजारच्या रानातल्या बाया वेचणं सोडून बांधावर आल्या, हसून हसून त्यांना ठसका लागला.

दुपारी गाठोडी काट्यावर चढली. थोरल्या मावशीच्या सासूबाईंचा कापूस पस्तीस किलो. शहरवाल्या दोघींचा मिळून पन्नासच्या वर. माझा नऊ. पुण्याच्या मुलाचा साडेतीन, त्यात निम्मा पाला. सासूबाईंनी त्याचं गाठोडं उलगडून बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, हे गुरांसाठी आणलं का?"

तो बिचारा लाल झाला. पण संध्याकाळी आईच्या खाटेपाशी गेला तेव्हा दहाही बोटं ओरबाडलेली पसरून दाखवली. थोरली मावशी तेव्हा बाईंना वळवत होती. त्यानं न सांगता चादरीचं दुसरं टोक धरलं. मावशीनं त्याला टाचेखालची घडी दाखवली, उशी कुठं ते दाखवलं, आणि शेवटी अंगठा दाखवला. तो एकटक बघत राहिला. म्हणाला, "पन्नास वर्षांचा झालो. मला हे माहीत नव्हतं."

"तू लहानपणी याला फसायचास," बाई म्हणाल्या. "दुपारी."

तो सोमवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. डॉक्टर खोलीत गेले, आम्ही बाहेर रांगेनं उभे. मुलानं रजा वाढवून घेतली होती, गाडीची किल्ली खिशात होती. डॉक्टर बाहेर आले, प्लॅस्टिक भिंतीवर लावलं, दोन पावलं मागं सरकले. सातवा आकार सहाव्यापेक्षा लहान होता. फार नाही. पातळ फोडीएवढाच. पण लहान. मुलानं किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली आणि तो जीपकडं गेला, कारण वेचणी पाचव्या मावशीच्या रानात लागली होती.

तेरा दिवसांत सहाही रानं मोकळी झाली. शेवटच्या रानापर्यंत अकराचे सतरा झाले, कारण लोकांनी आपापल्या घरी गोष्टी सांगितल्या होत्या. प्राध्यापकीण नवऱ्याला घेऊन आली. आजोबांनी शिट्टी आणवली. एकाही मावशीची खाट सुटली नाही आणि एकाही मावशीचा कापूस काळा पडला नाही. नुसत्या बाईच नाही, सातही खाटांवर फरक दिसायला लागला. एक आजी, ज्या कुणाच्याच हातून जेवत नव्हत्या, त्या ठरावीक मावशीच्या हातून जेवू लागल्या. सिस्टर म्हणाली, हे काही नवीन औषध नाही, रोज तोच हात घास भरवतोय, एवढंच. माझा चौकटीतला तक्ता मी उतरवला. त्या जागी नवा लावला. त्यात रंग नाहीत. प्रत्येक खाटेपुढं दोन मावश्यांची नावं आहेत, ती बदलत नाहीत, आणि प्रत्येक नावासमोर एक शब्द: कापूस, तूर, सोयाबीन. कुणाच्या रानात काय आहे आणि कधी येणार आहे. बाईंनी चष्म्यातून तो वाचला आणि म्हणाल्या, "रेघा वाकड्या आहेत. ठीक."

तळं आटत गेलं. आठवा आकार शेंगदाण्याएवढा. नववा त्याहून लहान. दहावा तांदळाएवढा, की डॉक्टरांना पेन बदलावं लागलं, जाड टोकानं तो काढताच येईना. बाईंचं भांडण मात्र आटलं नाही. रोज अर्ज. "एकदा. पाच मिनिटं. पाठीवर." थोरली मावशी रोज नामंजूर करायची. "संक्रांत येऊ द्या." बाई अंगठा हलवायच्या, मावशी पकडायची. आता तर पुण्याहून मुलगा फोनवर विचारायचा, "अंगठा जागा आहे का?"

संक्रांतीच्या अलीकडचा सोमवार. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी सगळे आले. सहा मावश्या, ज्यांची पाळी नव्हती त्यासुद्धा. मुलगा पहाटे निघून आला. शहरवाल्यांपैकी दोघी, ज्या आता शहरवाल्या राहिल्या नव्हत्या, आमच्याकडंच लागल्या होत्या. स्वयंपाकीणबाई शिऱ्याची कढई झाकून उभी. आजोबा शिट्टी गळ्यात घालून. बाईंच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला, आत डॉक्टर, सिस्टर आणि थोरली मावशी. बाहेर आम्ही इतके गप्प की कढईवरचं झाकण थरथरलं तरी ऐकू यावं.

आत प्लॅस्टिक सरसरल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

मग टोपण परत लागल्याचा आवाज आला.

"काढायला काही राहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

एक क्षण कुणाला समजलंच नाही. मग आतून थोरल्या मावशीचा हुंदका आला, आणि बाहेर जे काही झालं ते मी रीतसर सांगू शकत नाही, कारण मी स्वतः त्यात होतो. आजोबांनी शिट्टी फुंकली ती थांबवेनात. स्वयंपाकीणबाईंनी झाकण कढईवर बडवलं. मुलानं मला मिठी मारली आणि मी त्याला. प्राध्यापकीणबाईंना फोन लागला, त्यांनी तिकडून टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पडद्याबाहेर आले तर त्या कमी बोलणाऱ्या माणसाचे डोळे लाल होते. त्यांनी ते कोरं प्लॅस्टिक भिंतीवर बाकीच्या आकारांच्या शेवटी चिकटवलं, खाली तारीख घातली. नुसतं स्वच्छ, पारदर्शक, काहीही नसलेलं. जालना जिल्ह्यात इतकं सुंदर चित्र मी दुसरं बघितलं नाही.

आणि या सगळ्या गोंगाटात, ज्या बाईंनी आयुष्यात कुणाला कधी "अरे"च्या पुढं शिवी दिली नव्हती, ज्यांनी आमच्या प्रत्येक मावशीचं "न्हाई" सुधारायचा तीन महिने प्रयत्न केला होता, त्या बाईंचा आवाज पडद्याआडून आला, चाळीस वर्षांच्या वर्गाला पुरेल असा, आणि सगळं शुश्रूषागृह जागच्या जागी थिजलं:

"मंग आता तरी मला उताणं पडू द्या की, मेल्यांनो!"